अभ्यासदौरा

“बाकीचे लोक कुठे आहेत?” मिसेस ओंगनी हातातल्या यादीकडे बघत विचारलं. यादीत नऊ नावं होती आणि त्यांच्यासमोर आम्ही दोघंच उभे होतो.

कुलथेसाहेबांनी पोटावर हात ठेवला. “इथलं खाणं बाधलं सगळ्यांना,” त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं.

सात जणांना एकाच सकाळी खाणं बाधलं यावर बाईंचा विश्वास बसला की नाही, कोण जाणे. त्यांनी यादीची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, “मग आपण तिघंच. बरं झालं, लिफ्टमध्ये गर्दी होणार नाही.”

नगराध्यक्ष आणि सहा नगरसेवक त्या वेळी लिटल इंडियातल्या एका मोठ्या दुकानात कॅमेरे आणि अत्तरं बघत होते. दौऱ्याचं नाव होतं ‘परदेशातील घरबांधणीचा अभ्यास’. २००७ सालचा ऑगस्ट. मी आमच्या नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता होतो, वय चौतीस. कुलथेसाहेब नगर अभियंता, म्हणजे माझे वरिष्ठ. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. गावाचं नाव मी सांगत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

मिसेस ओंग सिंगापूरच्या घरबांधणी खात्यात होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, पायात कापडी बूट. त्या आम्हाला तोआ पायो नावाच्या वस्तीत घेऊन आल्या होत्या. आम्ही उभे होतो तो एका बारा मजली इमारतीचा तळमजला. तळमजला म्हणायचा, पण तिथे एकही खोली नव्हती. नुसते खांब, खाली स्वच्छ फरशी आणि चारी बाजूंनी येणारा वारा. एका दगडी टेबलाभोवती चार म्हातारे सोंगट्यांचा डाव मांडून बसले होते. पलीकडे एक बाई नातवाला तीनचाकी सायकलवर फिरवत होती. बाहेर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते, आणि इथे मात्र दुपारी लवंडावं असा गारवा.

“एवढी जागा मोकळी का ठेवली?” मी विचारलं.

“लोकांसाठी. वरच्यांना खाली येऊन बसायला. लग्न असलं की इथेच टेबलं मांडतात. कुणी गेलं की इथेच ठेवतात.”

“दोन्ही इथेच?”

“दोन्ही इथेच. मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन्ही झालं. तीच टेबलं, तेच शेजारी.”

कुलथेसाहेब माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “बिरजे, आपण एवढी जागा मोकळी सोडली ना, तर पंधरा दिवसांत गाळे निघतील. आणि उद्घाटनाचा नारळ आणायला आपल्यालाच पाठवतील.”

मी हसलो. साहेबांच्या पायांना सूज आली होती आणि ते खांबाला टेकून एकेक पाय हलका करत होते, पण हॉटेलवर थांबा म्हटलं तर सकाळी माझ्यावर चिडले होते. माझ्यासाठी ते नुसते वरिष्ठ नव्हते. नोकरीच्या पहिल्या वर्षी गटाराचा उतार उलटा काढला तेव्हा त्यांनी दोष स्वतःवर घेतला होता. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा दोन महिने माझी कामं त्यांनी ओढली. या दौऱ्याच्या यादीत माझं नाव यावं म्हणून ते नगराध्यक्षांशी भांडले होते. “एक तरी माणूस असा येऊ दे, जो खरंच बघेल,” असं म्हणाले होते म्हणे.

आणि मी खरंच बघत होतो. वहीचं पान भरत होतो. कचरा टाकायची सोय कुठे, पावसाचं पाणी कुठल्या बाजूने जातं, जिन्याच्या पायऱ्या किती उंचीच्या, म्हाताऱ्यांसाठी कठडा कुठून कुठपर्यंत. बाई प्रत्येक गोष्टीचं उत्तर देत होत्या आणि मध्येच मला विचारत होत्या, “तुमच्याकडे कसं करता?” तेवढं एक विचारायला नको होतं.

लिफ्टने आम्ही नवव्या मजल्यावर गेलो. लांबलचक सज्जा, दोन्ही टोकांना जिने, दारांपुढे कुंड्या. खिडक्यांतून बाहेर आडवे बांबू काढलेले आणि त्यांवर कपडे वाळत होते. नऊ मजल्यांच्या उंचीवर कुणाची तरी फुलाफुलांची चादर वाऱ्यात फडफडत होती. एका दारावर आंब्याच्या पानांचं तोरण दिसलं. मिसेस ओंगनी तेच दार वाजवलं.

आरुमुगम नावाचे एक तमिळ गृहस्थ तिथे एकटे राहत. बसचालक म्हणून निवृत्त झालेले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक छोटा देव्हारा, भिंतीवर हार घातलेला पत्नीचा फोटो. त्यांनी आम्हाला दाट दुधाची गोड कॉफी दिली. साहेबांना मधुमेह, तरी त्यांनी नाही म्हटलं नाही.

कॉफी पिता पिता मी सवयीने भिंतीवर बोटाची पेरं वाजवली. वर एकदा, खाली एकदा.

“काय ऐकताय?” बाईंनी विचारलं.

“गिलाव्याच्या आत पोकळी आहे का ते.”

“आहे?”

“नाही.”

आरुमुगम हसले. “चाळीस वर्षं झाली हिला. माझ्यापेक्षा हिची तब्येत चांगली आहे. माझ्या गुडघ्यांतून आवाज येतो, हिच्यातून नाही.”

“आणि समजा आला,” मी विचारलं, “तर तुम्ही काय करता?”

“काय करायचं? कळवायचं. कुणीतरी येऊन बघून जातं.”

त्यांनी हे अगदी साध्या सुरात सांगितलं, नळ गळतो तर प्लंबर बोलवायचा, तसं. साहेब कॉफीचा कप ठेवून देव्हाऱ्याकडे बघू लागले. त्यांच्या मनात काय आलं असणार ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं.

आमच्या गावात नदीच्या अंगाला सफाई कामगारांची वसाहत होती. नगरपालिकेचीच. तीन मजले, चोवीस खोल्या, १९६८ सालचं बांधकाम. म्हणजे जवळजवळ या इमारतीच्याच वयाची. बांधल्यानंतर तिच्यावर कुणी रंगाचा हातसुद्धा फिरवला नव्हता. ती मोर्चा निघणाऱ्या रस्त्यावर नव्हती, बाजारात नव्हती, कुठल्या पाहुण्याला दिसेल अशा जागी नव्हती.

दौऱ्याच्या आधी महिनाभर, जुलैत, मी हातोडी घेऊन ती बघायला गेलो होतो. मुकादम लहानू खरात बरोबर होता. मुकादम म्हणजे झाडूवाल्यांची हजेरी घेणारा, त्यांना गल्ल्या वाटून देणारा. पन्नाशी ओलांडलेला, माझ्याहून सतरा-अठरा वर्षांनी मोठा, पण कचेरीत आम्ही सगळे त्याला अरे-तुरेच करायचो आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसावं. त्याने मला खोलीखोलीत नेलं. जिन्याजवळच्या खांबावर हातोडी मारली तर आवाज मडक्यासारखा आला. बोटाने दाबलं तर सिमेंटचा पापुद्रा हातात आला आणि आतली सळई दिसली. गंजून गंजून शिसपेन्सिलीएवढी राहिलेली.

“लई खराब हाय का साहेब?” खरातने विचारलं होतं.

“बघतो,” मी म्हणालो होतो. “अहवाल देतो.”

अहवालात मी लिहिलं, ‘इमारत राहण्यास धोकादायक असून तात्काळ रिकामी करून घ्यावी.’ कुलथेसाहेबांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला.

“बरोबर लिहिलंयस,” ते म्हणाले. “पण रिकामी करून चोवीस कुटुंबं ठेवायची कुठे? शाळा चालू आहेत. मंगल कार्यालयवाले त्यांना दारात उभं करणार नाहीत, तुलाही माहीत आहे. आणि ‘तात्काळ’ हा शब्द एकदा कागदावर आला, की काही झालं तर पहिली मान तुझी. दौऱ्यावरून आलो की बैठक लावतो. मुख्याधिकाऱ्यांच्या गळी उतरवतो. तोवर हा शब्द नको.”

मी ते पान काढलं आणि नवीन टाइप करून लावलं. ‘इमारतीस मोठ्या दुरुस्तीची आवश्यकता आहे.’ खाली सही केली. कुणी माझा हात धरून करून घेतली नाही.

आरुमुगमांचा निरोप घेऊन आम्ही सज्ज्यात आलो. आता बाई आम्हाला गच्चीवर पाण्याच्या टाक्या दाखवणार होत्या. लिफ्ट आली. मिसेस ओंग आत शिरल्या, साहेब आत शिरले, आणि माझ्या खिशातला फोन वाजला. दौऱ्यापुरती मी परदेशात फोन चालण्याची सोय करून घेतली होती. घरचा असेल म्हणून उचलला.

“साहेब, खरात बोलतोय. लहानू खरात. आवाज येतोय का?”

“येतोय. काय रे?”

“परदेशात तरास देतोय, माफी करा. पण कुणाला इचारावं कळंना. परवापासनं जिन्याजवळचा खांब वाजतोय.”

“वाजतोय म्हणजे?”

“म्हणजे कटकट असा आवाज येतोय, राहून राहून. पोरं भ्याली. आन् आज सकाळपासनं वरल्या मजल्याची दारं लागंनात. काल लागत व्हती, आज लागंनात. चौकटीलाच अडकत्यात.”

एकाच दिवसात वरच्या मजल्यावरची सगळी दारं अडकू लागली तर त्याचा अर्थ काय, हे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही सांगता येईल. चौकटी वाकताहेत, म्हणजे वरचा भार खाली उतरायला नवी वाट शोधतो आहे.

“साहेब, हायेत न्हवं?”

“बोल.”

“तर आम्ही समदे तीन नंबरच्या शाळेत जाऊन ऱ्हाऊ का? दोन-चार दिस. हेडमास्तर आमचं ऐकत न्हाईत. तुम्ही एक फोन केला तर ते किल्ली देतील.”

लिफ्टचं दार बंद होऊ पाहत होतं आणि मिसेस ओंगनी ते हाताने अडवून धरलं होतं. दार मध्येच हलायचं, टुंग असा आवाज करायचं आणि पुन्हा मागे जायचं. त्या हसतमुख होत्या, पण वरच्या मजल्यावरून कुणीतरी लिफ्टसाठी बटण दाबत होतं. साहेबांनी ओठांनीच विचारलं, कोण? मी फोनवर हात ठेवून म्हणालो, “खरात.” साहेबांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

मला आज तो क्षण कितीही ताणून बघितला तरी त्यात मोठं असं काहीच सापडत नाही. मला कुणी धमकावलं नव्हतं. हेडमास्तरांचा नंबर माझ्याच फोनमध्ये होता. पण त्यांना काय सांगणार? महिन्यापूर्वी माझ्याच सहीने ‘दुरुस्तीची आवश्यकता’ लिहिलेल्या इमारतीतून लोकांना शाळेत आणून बसवा म्हणून? ते उलट विचारतील, लेखी द्या. मग सिंगापूरहून लेखी कसं द्यायचं. मग मुख्याधिकारी विचारतील, आधी का नाही लिहिलं. हे सगळं मी त्या वेळी विचारात घेतलं असंही नाही. एक परकी बाई लिफ्टचं दार धरून माझ्यासाठी ताटकळत होती आणि मला लाज वाटत होती.

“पावसाने लाकूड फुगतं, खरात,” मी म्हणालो. “म्हणून दारं अडकतात. सगळीकडेच होतं.”

“आन् आवाज?”

“जुनी इमारत आहे, आवाज होणारच. राहा तुम्ही. काही होत नाही. शनिवारी मी येतोय, आल्या आल्या बघतो.”

“नक्की ना साहेब?”

“नक्की.”

“बरं बरं.” त्याच्या आवाजातला ताण उतरलेला मला ऐकू आला. “मग सांगतो समद्यांना. सांभाळून या, साहेब.”

मी लिफ्टमध्ये शिरलो आणि मिसेस ओंगना म्हणालो, “माफ करा हं.” त्या म्हणाल्या, “छे, छे.” गच्चीवर मी टाक्यांच्या झाकणांची मापं घेतली.

त्यानंतरची संध्याकाळ सांगायला मला सगळ्यात जड जातं. कारण त्या संध्याकाळी मी आनंदात होतो. आम्ही दोघं समुद्राच्या बाजूला फिरायला गेलो. पाण्याकाठी काटेरी फणसाच्या पाठीसारखी छपरं असलेलं नाट्यगृह होतं, त्याच्यामागे काचेच्या उंच इमारती एकेक करून उजळत होत्या, आणि ऑफिसातून सुटलेली माणसं पाण्याच्या कठड्यावर बसून कागदी डब्यांतून नूडल्स खात होती. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. साहेबांनी बूट काढून पाय मोकळे सोडले. मी त्यांचा फोटो काढला, त्यांनी माझा काढला.

“बिरजे, यातलं एक, फक्त एक तरी आपण करायचं,” साहेब म्हणाले. “दोन वर्षं आहेत माझी. तो मोकळा तळमजला करू. नव्या घरकुलात.”

“करू साहेब.”

आम्ही कागदी रुमालावर आराखडासुद्धा काढला. खरात मला आठवला नाही. आठवला आणि मी टाळला असं असतं तरी बरं होतं. आठवलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहराच्या नियोजनाचं प्रदर्शन बघायचं होतं. त्या दिवशी सगळे नऊ जण आले, कारण गावच्या वर्तमानपत्राला फोटो पाठवायचा होता. एका मोठ्या दालनात सबंध शहराची प्रतिकृती मांडली होती. खोलीभर पसरलेलं शहर. प्रत्येक इमारत बोटाएवढी, रस्ते, पूल, नदी, सगळं. नगराध्यक्ष “आपलं हॉटेल कुठलं रे?” म्हणून शोधत होते. मी तोआ पायो शोधत होतो. मला ती बारा मजली इमारत सापडलीदेखील, आणि मी साहेबांना दाखवायला वळलो, तर साहेब भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होते.

“कुठली?... कधी?” मग बराच वेळ ते नुसतं ऐकत होते. मग म्हणाले, “किती?”

तो फोन आमच्या हेडक्लार्कचा होता. पहाटे साडेपाचला वसाहत बसली होती. आधी जिन्याकडची बाजू, मग सगळी. काढलेले मृतदेह तोवर सहा होते. संध्याकाळपर्यंत अकरा झाले.

साहेबांनी मला दालनाबाहेर आणलं आणि एका बाकावर बसवलं. आत कुणीतरी फोटोसाठी सगळ्यांना जवळ जवळ उभं राहायला सांगत होतं.

“काल लिफ्टपाशी खरातचाच फोन होता ना?”

“हो.”

“काय म्हणत होता?”

मी सांगितलं. खांबाचा आवाज सांगितला. वरच्या मजल्यावरची दारं सांगितली. दारं म्हटल्यावर साहेबांनी डोळे मिटले.

“तू काय म्हणालास?”

“राहा म्हणालो.”

साहेबांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की घड्याळाचा पट्टा रुतला.

“तुला नीट ऐकू आलं नाही,” ते म्हणाले.

“साहेब, मला सगळं—”

“रेंज नव्हती. आवाज तुटत होता. खरात काय बोलला ते तुला कळलंच नाही. कळतंय का मी काय सांगतोय? अहवालाचं मी बघतो. शब्द मी बदलायला लावला, ते मी सांगेन. माझी दोन वर्षं राहिलीत, माझं काय व्हायचं ते होऊ दे. तुझी पोरगी अजून चालायला शिकतेय.”

“आणि खरात?”

“यादीत आहे,” साहेब म्हणाले.

ते बोलले तसे वागले. चौकशी समितीपुढे त्यांनी सांगितलं की अहवालातली दुरुस्ती त्यांच्याच सांगण्यावरून झाली, माझा मूळ मजकूर योग्य होता. निलंबित तर ते परतल्या परतल्याच झाले होते. निवृत्तिवेतन चार वर्षं अडकलं. त्या चार वर्षांत मी त्यांच्याकडे महिन्यातून एकदा जायचो; आम्ही क्रिकेटवर बोलायचो, त्यांच्या पायांच्या सुजेवर बोलायचो. ते गेले तेव्हा खांदा द्यायला मी होतो. मला लेखी ताकीद मिळाली, आणि पुढे दोन बढत्या. समितीने मला एकच प्रश्न थेट विचारला होता: दुर्घटनेपूर्वी कुणी रहिवाशाने आपल्याशी संपर्क साधला होता का? मी म्हणालो, एक फोन आला होता, पण आवाज तुटत असल्याने काही समजलं नाही. त्यांनी तसं लिहून घेतलं. फोन एक मिनिट चाळीस सेकंदांचा होता. तेवढा वेळ आवाज तुटत राहू शकतो, हे कुणालाच अशक्य वाटलं नाही.

पण समितीपुढे जाण्याआधी एक गोष्ट घडली. ती मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलाही नाही.

आम्ही परत आलो तो शनिवार होता. वसाहतीतून वाचलेल्या लोकांना तीन नंबरच्या शाळेत ठेवलं होतं. इमारत पडल्यावर तासाभरात शाळा उघडली होती. हेडमास्तर स्वतः किल्ली घेऊन धावत आले होते. वर्गातली बाकं बाहेर काढून सतरंज्या घातल्या होत्या, मुलांना आठवड्याची सुट्टी दिली होती, आणि ज्या मंगल कार्यालयाबद्दल साहेब बोलले होते तिथून दोन्ही वेळचं जेवण येत होतं.

आठव्या दिवशी मी चादरी वाटायला गेलो. पालिकेतर्फे कुणीतरी जायचं होतं आणि साहेब निलंबित होते. व्हरांड्यात लहानूची बायको शेवंता भिंतीला टेकून बसली होती. तीही पालिकेतच झाडूवाली. पहाटे पाचला तिची पाळी स्टेशन रोडवर सुरू व्हायची, म्हणून ती वाचली. वसाहतीतल्या बहुतेक बायका अशाच वाचल्या. पुरुषांची पाळी, लहानूची हजेरीसुद्धा, सहाला असायची; घरात राहिलेले गेले. तिचा नवरा गेला आणि दहावीतली मुलगी गेली, पूनम.

मला बघून ती उठू लागली. मी म्हणालो, “बस, बस.” आणि मीही तिच्यासमोर पायरीवर टेकलो.

“साहेब, तुमचीच वाट बघत व्हते,” ती म्हणाली. “तुमचा लई आधार झाला बगा त्यास्नी.”

मी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा सरळ होता. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता.

“तुमच्याशी बोलले आन् खोलीखोलीत जाऊन सांगून आले. म्हणले, साहेबांना इचारलंय, पावसानं लाकूड फुगलंय, भिऊ नका. दोन-तीन राती कुणाला झोप न्हवती. जरा आवाज झाला का समदी उठून खाली पळायची. त्या राती समदे गाढ झोपले.” तिने पदराने तोंड पुसलं. “पूनम रोज माझ्यासंगं उठायची पाणी भराया. त्या दिशी उठंना. म्हणलं झोपू दे, आज निवांत हाय.”

वर्गातून कुणाचं तरी मूल रडत होतं. एक म्हातारी त्याला घेऊन व्हरांड्यात आली आणि आम्हाला बघून परत आत गेली.

“उद्या चौकशीवाले येणार हायेत म्हणं,” शेवंता म्हणाली. “इचारणार, आधी कुणाला सांगितलं व्हतं का. म्हणून तुमची वाट बघत व्हते. फोनचं मलाच ठाऊक हाय. ते जेवताना मला सांगत व्हते, तुम्ही काय काय म्हणला ते. बाकीच्यांना निस्तं एवढंच की साहेबांनी सांगितलं. कुठल्या साहेबांनी, ते कुणी इचारलं न्हाई.”

मी चादरींचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसलो होतो.

“तर ते सांगू का?” तिने विचारलं. “सांगितलं तर तुम्हाला तरास हुईल का?”

ती खरोखर विचारत होती. तिला माझं उत्तर हवं होतं, जसं तिच्या नवऱ्याला हवं होतं. मी म्हणेन तसं ती करणार होती. मी सांगितलं असतं की सांग, जे झालं ते सगळं सांग, तर तिने दुसऱ्या दिवशी शब्दन्‌ शब्द सांगितला असता.

“हो,” मी म्हणालो. “होईल.”

तिने मान खाली घातली, जरा विचार केला.

“मग न्हाई सांगत,” ती म्हणाली. “तुमचा काय दोष त्यात. तुम्ही तर धीरच दिला व्हता त्यास्नी.”

आणि मी मान डोलावली.